तलावातला स्फुरद किलोत मोजा

पाणी हिरवं पडलंय हे कळायला उपग्रह लागत नाही. काठावर उभं राहिलं की डोळ्याला दिसतं, नाकाला कळतं. नकाशा लागतो तो पुढच्या प्रश्नांसाठी. शेवाळ पोसणारा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, घेऊन येणारं हे खत-सांडपाणी किती आलं, कुठल्या बाजूनं आलं, आणि यंदा ते खरंच वाढलं की पाणी आटल्यामुळे नुसतं दाट झालं? आपल्याकडे हा तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. आपले तलाव दसऱ्याला सांडव्यावरून वाहतात आणि अक्षय्यतृतीयेला त्यांच्या तळाला भेगा पडलेल्या असतात.

मी बीड जिल्ह्यात लघुसिंचनाच्या तलावांवर शाखा अभियंता म्हणून नोकरी काढली. तलांक (म्हणजे पातळीची उंची) आणि घनमीटर हीच माझी भाषा. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ लिहून येतं, त्यानं माझं समाधान होत नाही. मला किलो लागतात. निवृत्तीनंतर पुतणीनं लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, ते फुकट मिळतं. तेव्हापासून आसपासच्या पाझर तलावांचे नकाशे करतो. खाली सांगतोय ती माझी पद्धत. पाच-दहा हेक्टरांच्या, सरासरी दोन-तीन मीटर खोलीच्या तलावासाठी ती बसते.

आधी एका पोत्याचा हिशेब

डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात ४६ टक्के स्फुरद असतो, म्हणजे २३ किलो. पण हा आकडा ऑक्साइडच्या रूपातला आहे. शुद्ध फॉस्फरस काढायला त्याला ०.४३६ नं गुणा, १० किलो येतात. आता ५ हेक्टरांचा, सरासरी २ मीटर खोलीचा तलाव घ्या. त्यात १ लाख घनमीटर पाणी. एक अख्खं पोतं त्यात विरघळलं तर लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम फॉस्फरस वाढतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत ३५ ते १०० मायक्रोग्रॅमचा तलाव अतिपोषित धरतात आणि १०० च्या वर गेला की तो पार बिघडलेला. एका पोत्यात एवढी ताकद आहे.

अर्थात कुणी पोतं तलावात ओतत नाही. आपल्या काळ्या मातीत स्फुरद लवकर अडकून बसतो. पण जूनच्या पहिल्या वळवात ती मातीच ओढ्यानं खाली येते, आणि स्फुरद तिच्या कणांवर बसून तलावात पोचतो. युरियाची तऱ्हा वेगळी. त्यातलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर विरघळून वाहतं आणि विहिरींतही उतरतं. म्हणून स्फुरदाचा माग काढायचा तर गाळाच्या वाटेनं जायचं, नत्राचा काढायचा तर पाण्याच्या.

तळाचा नकाशा: दुष्काळाचा एवढाच उपयोग

किलो काढायचे तर पाणी किती ते आधी कळलं पाहिजे. तलाव बांधताना केलेला क्षेत्र-साठा तक्ता कार्यालयात मिळतो, पण १९७२ च्या दुष्काळी कामातल्या तलावाचा तक्ता आज वापरणं म्हणजे आजोबांच्या मापाचा सदरा नातवाला घालणं. मधल्या काळात गाळ भरलाय, कुठं उपसलाय. तळ बदललाय.

बाहेरगावची मंडळी यासाठी बोट आणि ध्वनीनं खोली मोजणारं यंत्र वापरतात. आपल्याला त्याची गरज नाही, कारण आपला तलाव दरवर्षी स्वतःच स्वतःचा तळ उघडा करून दाखवतो. ऑक्टोबर ते मे पाण्याची कड जशी मागे सरकते, तशी ती त्या-त्या तलांकाची समोच्च रेषाच, म्हणजे सारख्या उंचीची रेषाच, काढत जाते. सेंटिनेल-२ हा युरोपचा उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी वरून जातो, त्याची प्रतिमा १० मीटर बारकाव्याची असते आणि कोपर्निकस ब्राउझरवर खातं उघडलं की फुकट उतरवता येते. ऑक्टोबरपासून दर तीन-चार आठवड्यांची एक निरभ्र प्रतिमा घ्या. दुष्काळी वर्षंही सोडू नका. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या कितीतरी जलाशयांचे तळ उघडे होते, आणि त्या प्रतिमा आजही साठ्यात पडून आहेत. मात्र त्यानंतर गाळ उपसला असेल तर त्या जुन्या कडा तुलनेपुरत्याच ठेवा.

क्यूजीआयएसमध्ये सगळ्यात आधी प्रकल्पाचं प्रक्षेपण ईपीएसजी ३२६४३ ठेवा, नाहीतर क्षेत्रफळ अंशात येईल आणि डोकं धराल. जवळजवळ सगळा मराठवाडा याच ४३ व्या विभागात बसतो. किनवटकडचा भाग तेवढा ४४ मध्ये जातो.

मग रास्टर कॅल्क्युलेटर या प्रतिमांवर गणित करणाऱ्या साधनात पाण्याचा निर्देशांक काढा. हिरव्या पट्ट्यातून जवळचा अवरक्त पट्टा वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं, म्हणजे बी३ आणि बी८. उत्तर शून्याच्या वर ते पाणी, खाली ती जमीन. पावसाळ्यानंतरच्या चहाच्या रंगाच्या पाण्यात ही जोडी चकते. तेव्हा बी८ च्या जागी बी११ घ्या. त्याचा बारकावा २० मीटरचा आहे, पण गढूळ पाणी तो चांगलं ओळखतो. शून्याची रेषा डोळे झाकून मानू नका. रंगीत प्रतिमेवर ठेवून कड जुळते का बघा आणि थोडी वरखाली सरकवा. जलपर्णी किंवा पाणकणीस माजलं असेल तर उपग्रह तिथं जमीन म्हणतो, तेवढा भाग हातानं काढावा लागतो.

आता प्रत्येक कडेला तलांक द्यायचा. भरावावर किंवा विमोचक विहिरीला (जिथून तलावाचं पाणी सोडतात) पातळीपट्टी असते. तिच्या नोंदी होत असतील तर त्या-त्या तारखेची पातळी मागून घ्या. नोंदी नसतील तर सांडव्याच्या माथ्यापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) मिळाली तर उत्तम, नाहीतर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी काढतात तशी काढा. एवढी अचूकता पुरते.

दोन कडांमधला साठा काढणं सोपं. समजा पूर्ण संचय पातळीला, म्हणजे तलाव पुरता भरलेला असताना, क्षेत्र ५ हेक्टर, अर्ध्या मीटरनं खाली ३.८ हेक्टर. सरासरी ४.४ हेक्टर, गुणिले अर्धा मीटर, म्हणजे २२ हजार घनमीटर. असे थर तळापर्यंत बेरीज करत न्या. शेवटी जी डबकी उरतात, त्यांची खोली बांबूनं मोजा.

बांबूवरून आठवलं. तलावात मासेमारीचा ठेका घेणारा भोई असेल तर त्याला सोबत घ्या. आमच्याकडच्या मामांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, “साहेब, पाणी हिरवं हाय हे मला दिसतंय, तुमच्या त्या फोटोत काय नवीन दिसणार?” पण गाळ कुठं कंबरभर आहे आणि कुठं तळ मुरमाचा आहे, हे त्यांनी बांबू टेकवत भराभर सांगितलं. ते मी नकाशावर नोंदवत गेलो. मोबाईलमधलं क्यूफील्ड हे ॲप त्यासाठी छान आहे. नकाशा आधीच फोनमध्ये भरून न्या, कारण भरावाखाली रेंज नसते. थर्माकोलच्या तराफ्यावर जायचं तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय जायचं नाही. त्यात भिडेखातर मागे-पुढे होऊ नका.

पाणलोट

३० मीटर बारकाव्याचा उंचीचा नकाशा फुकट मिळतो. क्यूजीआयएसमध्येच असलेल्या ग्रास (GRASS) नावाच्या साधनानं त्यातून पाणलोटाची हद्द आणि ओढे निघतात. यावर मी फार लिहीत नाही, यूट्यूबवर शिकवणारे चिक्कार आहेत. एकच सांगतो. आपल्या सपाट काळ्या शिवारात ही हद्द हमखास चुकते. शेताचे बांध, कालव्याचा भराव, रस्त्याखालची नळकांडी पूल ३० मीटरच्या नकाशाला दिसत नाहीत, आणि पाणी मात्र त्यांचंच ऐकतं. मोठा पाऊस थांबला की छत्री घेऊन निघा, पाणी कुठून कुठं जातंय ते बघा आणि हद्द हातानं दुरुस्त करा.

त्या हद्दीत तीन गोष्टी खुणावा. पहिली, बागायत. एप्रिलच्या प्रतिमेत जे हिरवं दिसतं ते ऊस, केळी, मोसंबी किंवा ओढ्यातलं बेशरम, बाकी शिवार तेव्हा मोकळं असतं. खताच्या मात्रा जास्त पडतात त्या या बागायतीत. दुसरी, गावातल्या गटारांची आणि गोठ्यांच्या उकिरड्यांची तोंडं. ही उपग्रहातून शोधत बसू नका, चालत जा. तिसरी मराठवाड्याची खास, ती म्हणजे गाळपेर. पाणी मागे सरकलं की बुडीत क्षेत्रात कुणी मका, कुणी कडवळ, कुणी काकडी-टरबूज लावतं. जमीन कसदार, ओल आयती. पण तिला दिलेलं खत ओढ्यानं वाहून यायची गरजच नाही, ते तलावाच्या पोटातच पडलेलं असतं. जुलैत पाणी चढलं की वाळलेल्या गाळातला स्फुरदही भिजल्याबरोबर सुटतो, त्यात हे खत मिसळतं. फेब्रुवारी ते मेच्या प्रतिमांत पूर्ण संचय रेषेच्या आत जे चौकोन हिरवे दिसतात, त्यांचं क्षेत्रफळ वेगळं लिहून ठेवा.

पाण्याचे नमुने

नमुना कुठं घ्यायचा हे वरच्या नकाशावरून ठरतं. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी एक, गटाराच्या तोंडाशी एक, धुण्याच्या आणि म्हशी बसतात त्या जागी एक, मध्यावर दोन-तीन, विमोचकाजवळ एक. नुसता मध्यावरचा नमुना आणून ‘तलाव स्वच्छ आहे’ म्हणणारे अहवाल मी पाहिलेत. गावाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि वर्षातून एकच फेरी परवडत असेल, तर ती पहिला ओढा वाहील त्या दिवशी करा. वर्षभराच्या मालाचा मोठा हिस्सा त्या एक-दोन पुरांत उतरतो.

बाटली कपड्याच्या साबणानं धुवायची नाही, तिला फॉस्फेट चिकटून राहतं. प्रयोगशाळेतून आम्लानं धुतलेली बाटली आणा. काठापासून दूर, पृष्ठभागाखाली वीतभर हात घालून भरा, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवा. तळातला गाळ ढवळून नमुना घेतला तर आकडा दसपट येतो आणि गावात बोंब होते.

प्रयोगशाळेशी बोलताना दोन गोष्टी पक्क्या करा. एक, आम्हाला ‘एकूण फॉस्फरस’ हवाय, नुसतं विरघळलेलं फॉस्फेट नको, आणि किती बारीक मोजाल? पिण्याच्या पाण्याची सवय असलेल्या ठिकाणी ‘०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी’ असं लिहून देतात. ०.१ मिलिग्रॅम म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम. ज्या रेषेला तलाव बिघडलेला धरतात, त्या रेषेखालचं त्यांना काहीच दिसत नाही, मग तो कागद काय कामाचा? दुसरी, आकडा कशाच्या रूपात आहे? फॉस्फेटच्या रूपात असेल तर ३.०७ नं भागा, फॉस्फरस मिळतो. नायट्रेटच्या रूपात असेल तर ४.४३ नं भागून नत्र. हे न बघता दोन कागदांची तुलना केली की तिप्पट-चौपटीचा घोळ होतो.

काठावरच करायची एक मोजणी आहे, पारदर्शकता. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, चार भाग करून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, दोरी बांधून पाण्यात सोडा. दिसेनाशी होते ती खोली लिहा. कार्लसन नावाच्या संशोधकानं १९७७ मध्ये यावरून पोषण निर्देशांक काढायचं सूत्र दिलं. मीटरमधल्या खोलीचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, १४.४१ नं गुणा, ६० मधून वजा करा. हरितद्रव्यासाठी दुसरं सूत्र आहे: लिटरमागे मायक्रोग्रॅमचा नैसर्गिक लॉगॅरिदम, गुणिले ९.८१, अधिक ३०.६. ही सूत्रं खोल आणि नितळ तलावांवर घडलेली आहेत. आपल्याकडे चकती ३० सेंटिमीटरला नाहीशी झाली तर निर्देशांक ७७ येतो, आणि त्याच पाण्यात हरितद्रव्य १२ मायक्रोग्रॅम असेल तर ५५. एवढी तफावत आली की समजायचं, पाणी शेवाळानं नव्हे तर मातीनं गढूळ आहे. वाऱ्यानं उथळ तळ ढवळला की असं होतं. दोन्ही आकडे जवळपास आले तर दोष हिरव्याचा. म्हणून दोन्ही मोजा. एकट्या चकतीवर मराठवाड्यातल्या तलावाचा निकाल देऊ नये.

उपग्रहाला काय दिसतं

स्फुरद आणि नत्र उपग्रहाला दिसत नाहीत. त्यांच्यावर पोसलेलं शेवाळ दिसतं. शेवाळातलं हरितद्रव्य लाल प्रकाश गिळतं आणि त्याच्या लगेच पुढचा, ७०५ नॅनोमीटरचा प्रकाश परत फेकतं. सेंटिनेलचा बी४ पट्टा पहिल्यासाठी, बी५ दुसऱ्यासाठी. बी५ मधून बी४ वजा करा, बेरजेनं भागा. जितकं उत्तर जास्त तितकं शेवाळ दाट. निळ्या-हिरव्यावर बेतलेली जुनी सूत्रं आपल्या मातकट पाण्यात चालत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.

कच्ची प्रतिमा उतरवून स्वतः गणित करणार असाल तर २५ जानेवारी २०२२ नंतरच्या प्रक्रियेच्या प्रतिमांत प्रत्येक आकड्यात १००० जास्तीचे घातलेले असतात. ते आधी वजा करा, मग १०,००० नं भागा. हे राहिलं की जुन्या-नव्या प्रतिमांची तुलना भलतीच येते आणि कारण सापडत नाही.

बी५ चा बारकावा २० मीटर. ५ हेक्टरांच्या तलावात असे सव्वाशे चौकोन बसतात, आणि काठाचे ३० मीटर सोडले, जे सोडलेच पाहिजेत कारण तिथं जमीन आणि उथळ तळ मिसळतो, तर सत्तरेक उरतात. दोन हेक्टरांच्या खालच्या तलावाला हे साधन लावू नका, बाटलीच बरी. उलट नाथसागरासारखा अफाट जलाशय असेल तर सेंटिनेल-३ च्या ३०० मीटरच्या प्रतिमाही चालतात, आणि त्या जवळजवळ रोज मिळतात.

पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, हे गृहीत धरा. पण हिवाळ्यात उपग्रह ज्या दिवशी येणार त्याच दिवशी, सकाळी अकराच्या आसपास नमुने घेतले तर त्या ठिकाणचं हरितद्रव्य आणि त्या चौकोनाचा निर्देशांक यांची जोडी लागते. पंधरा-वीस जोड्या जमल्या की आलेखावर टाकून तुमच्या तलावाचं स्वतःचं नातं काढा. दुसऱ्याच्या तलावाचं सूत्र उसनं घेऊ नका.

एक गोष्ट रंगवणाऱ्यांना आवडणार नाही. आठ-दहा नमुन्यांवरून संगणकाला मधल्या जागा भरायला लावून जो लाल-पिवळा-हिरवा तलाव तयार होतो, तो मी करत नाही. प्रत्येक ठिकाणाभोवती गोल गोल कडी दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं तिथं खरंच असं काही आहे. मी ठिपके ठिपक्यांसारखेच ठेवतो, आकडा मोठा तर ठिपका मोठा. सभेत म्हाताऱ्या माणसालाही कळतं.

गाळ आणि किलोंचा तक्ता

मे महिन्यात तळ उघडा पडला की ५० मीटरची चौकट आखून प्रत्येक कोपऱ्यावर वरच्या १० सेंटिमीटरचा गाळ घ्या. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत उपलब्ध स्फुरद मोजून मिळतो. उत्तर मिलिग्रॅम प्रति किलोत आणि शुद्ध फॉस्फरसच्या रूपात मागा. समजा २० आलं. ५ हेक्टरांवर १० सेंटिमीटर म्हणजे ५ हजार घनमीटर, कोरडं वजन घनमीटरला ०.८ टन धरलं तर ४ हजार टन, म्हणजे ८० किलो फॉस्फरस. वर १ लाख घनमीटर पाण्यात १०० मायक्रोग्रॅमनं होतात १० किलो. तळात आठपट माल पडून आहे, आणि तो केवळ पिकाला सहज मिळणारा भाग झाला. उद्या एकही पोतं न वाहता पाणी हिरवं पडलं तर ते यातून. शेतकरी उन्हाळ्यात गाळ काढून रानात टाकतात, तेव्हा हाच स्फुरद तलावातून निघून पिकाकडे जातो. चौकटीवरचे आकडे नकाशावर टाकले की कुठला गाळ आधी उचलायचा तेही दिसतं. बहुधा ओढ्याच्या तोंडाशी असतो तो.

आता पाण्याचा तक्ता. ऑक्टोबरात १ लाख घनमीटर आणि ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६ किलो. मार्चात ४० हजार घनमीटर आणि १५० मायक्रोग्रॅम, पुन्हा ६ किलोच. कागदावर प्रदूषण अडीचपट, माल तेवढाच. पण थांबा. पाणी वाफ होऊन गेलं तर फॉस्फरस मागे राहतो, मोटारीनं उपसलं तर त्यातलाही फॉस्फरस सोबत गेला, जमिनीत पाझरलं तर विरघळलेला गेला. उपसा मोठा असताना किलो तेवढेच राहिले, तर जितका गेला तितका कुठूनतरी आलाय. आणि मार्चात ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १२ किलो निघाले तर शंकाच नको. पाऊस नाही, ओढा कोरडा. उरतात गाळ, गटार आणि जनावरं. तिथल्या ठिपक्यांकडे बघा.

हा तक्ता आणि नकाशा ग्रामसभेपुढे ठेवताना एकच पथ्य पाळा. पाणलोटाच्या नकाशावर ओढ्यांची नावं लिहा, पण गट नंबर टाकू नका. गट नंबर दिसला की स्फुरद बाजूला राहतो आणि जुन्या बांधाची भांडणं निघतात. ओढ्याचं नाव घेतलं की त्या काठचे सगळेच शेतकरी बोलायला बसतात: बांधावर गवताचा पट्टा कुणी सोडायचा, उकिरडे ओढ्यापासून किती वर न्यायचे, गाळपेरीत खत टाकायचं की नाही. बोलणं त्या वळणावर आलं की मी लॅपटॉप मिटतो आणि मागे जाऊन बसतो.